देवळाची चादर

देवळाची पांढरी चादर या गावात एकच,
आणि ती धुणारी मी एकटी.
लग्नाआधी पोट दिसू लागलेल्या पोरी,
शेजारणीला चेटकीण म्हणणारी म्हातारी मार्जरी,
वजनात मारणारा तारल्यांचा व्यापारी,
सगळ्यांचा घाम मला वासावरून कळतो.
एकदा मीही उभी होते तिच्यात.
ते असो.

यंदा पास्को नान्किव्हेल.
अकरा वर्षं हा मेलेला होता.
बायकोनं दुसरं घर केलं, तिथं दोन पोरं झाली,
आणि मार्चच्या धुक्यातून हा
पोलरुअनची चढण चढत आला,
डावा कान नाही,
उजवा पाय ओढत,
जसं मागून अजून काहीतरी खणखणत येतंय.

पाद्रीबाबांनी तीन रविवार ठरवले.
अल्जिअर्सला येशूला नाकारलं, फेटा बांधला,
सुंता करून घेतली, चाच्यांच्या गलबतावर शीड ओढलं.
म्हणून हातात पांढरी काठी, डोकं उघडं, पाय अनवाणी.
पहिला रविवार दाराबाहेर,
येणाऱ्याजाणाऱ्यानं बघून घ्यावं म्हणून.
सगळ्यांनी बघितलं.
कानाचं कुणी विचारलं नाही.

मी विचारलं. ओढ्यावर,
चादरीला राख चोळता चोळता.

म्हणाला, तो पहिल्यांदा पळालो त्याचा.
दुसऱ्यांदा पळणाऱ्याचं नाक घेतात.
तिसऱ्यांदाचं सांगायला कुणी मागे आलेला नाही.

एका वल्ह्यावर आम्ही पाच.
झोपेत एकानं कूस बदलली
की साखळी पाचही घोटे सोलायची.
आणि पळालेल्याची शिक्षा
उरलेल्या चौघांत वाटायचे,
भाकरी वाटावी तशी, कुणाला कमी नाही.

माझा हात थांबला.
पेरन होता का रे त्या चौघांत?

ओढ्याचं पाणी बरंच वाहून गेलं.

माझ्या डाव्या हाताला बसायचा, तो म्हणाला.
कानस एकच होती, तीही बोटाएवढी.
माझा कडा तुटला तेव्हा फटफटत आलं होतं.
तुझा भाऊ जागा होता.
त्यानं माझ्याकडे बघितलं
आणि डोळे मिटून घेतले, झोपल्यासारखे.

तिसऱ्या दिवशी मला धरून आणलं.
त्याच्या तळव्यांना कातडी उरली नव्हती.
काही बोलला नाही.
फक्त सरकला,
मला बसायला जागा केली.

नंतर मी फेटा बांधला, बाकावरून सुटलो.
दूरवर आपलं भूशिर दिसलं त्या रात्री
उडी टाकली पाण्यात.
तो कुठे असेल, बाकावर की तळाशी,
मला ठाऊक नाही, बाई. मला खरंच ठाऊक नाही.

दुसऱ्या रविवारी मी चादर खळबळली नाही.
राखेचं पाणी तसंच ठेवलं, त्यात खाडीचं घातलं,
न पिळता दिली.
तासभर तो उभा होता, मान लाल झालेली,
पायाशी थारोळं.
पाद्रीबाबा म्हणाले, बघा, पश्चात्ताप कसा झरतो.
त्यानं एकदाच माझ्याकडे बघितलं
आणि डोळे मिटून घेतले.

तिसऱ्या रविवारी चादर कोरडी होती.
का, ते मला विचारू नका.
त्यानं पाठ केलेले शब्द म्हटले,
त्याला माफ केल्याचं वाचून दाखवलं,
आणि तो शेवटच्या बाकावर जाऊन बसला,
मधोमध,
दोन्हीकडे दोघादोघांची जागा सोडून.
स्तोत्र सुरू झालं तशी त्याची पाठ
पुढे गेली, मागे आली,
पुढे गेली.
गावातलं कुणी त्या बाकाला शिवेना.

मी उठले.
त्याच्या डाव्या हाताला जाऊन बसले.
माफ केलं म्हणून नव्हे.
बाक गार होता,
आणि तो
सरकला.