ऋण चारशे बारा

आत-बाशीत फेब्रुवारीत
काचेच्या आतल्या बाजूलाही बर्फ धरतो.
शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारा एर्मेक
बुरुलचा आपाच्या दाराआड
स्टुलावर उभा राहून
मीटरमधून निघालेल्या काळ्या वायरीला
चिमटा लावतो : निळा, अंगठ्याएवढा,
कपड्यांच्या चिमट्याचा शिकलेला भाऊ.

बिल दुप्पट आलंय. आपाचं म्हणणं,
एवढी वीज मी खाल्ली असती
तर अंगाला लागली नसती का?

लॅपटॉप पिठाच्या डब्यावर.
बावीस ओळींचा पायथॉन :
पोर्ट उघड, ओळ वाच, शेपटाचा कचरा झाड,
स्वल्पविरामाशी तोड, आकडा कर, लिहून ठेव,
एक सेकंद झोप.

पहिली ओळ अर्धीच येते,
कुणाच्या बोलण्यात आपण मधेच शिरावं तशी,
आणि प्रोग्राम तिथंच मान टाकतो.
एर्मेक आणखी दोन ओळी घालतो. अर्थ एवढाच :
जमलं तर बघ,
नाही जमलं तर सोडून दे, पुढे चल.
हे माझ्या धाकट्याला शिकव, आपा म्हणते.

१९८ व्होल्ट. २.१ अँपिअर.
–४१२ वॅट.
–४१२.
–४०९.

ही आडवी रेघ कसली?

एर्मेक डोकं खाजवतो. म्हणजे, आपा,
वीज तुमच्या घरात येत नाहीये.
तुमच्या घरातून बाहेर चाललीय.

आपा हसते, चहा सांडेपर्यंत हसते.
खरंच आहे, लिहून ठेव.
दोन मुलगे नोवोसिबिर्स्कला,
मुलगी मॉस्कोत लोकांच्या फरशा पुसते,
चाळीस मेंढ्या, तीन लग्नांतले शिर्दाक,
सगळं याच दारातून गेलं.
आणि वर कंपनी मलाच बिल पाठवते!

(माझ्या भाषेत त्या रेघेला ऋण म्हणतात.
कर्जालाही ऋणच.
कोण कुणाचं लागतं
ते चिमट्याच्या तोंडावर ठरतं,
हे गणिताच्या तासाला राहूनच गेलं.)

चिमट्यावर नखाएवढा बाण असतो.
टॉर्चच्या उजेडात एर्मेकला दिसतो : उलटा.
प्रोग्रामात एक उणे टाकूनही भागलं असतं,
पण वर्गातल्या पोरांना तो तसं करू देत नाही,
म्हणून पुन्हा स्टूल, पुन्हा गारठलेली बोटं.
४१५. ४११.
रेघ गेली.
आपाला जरा वाईटच वाटतं.

आठ दिवसांनी फाईल उघडली. सहा लाखांवर ओळी.
संध्याकाळी सातला सारं गाव हिटर लावतं,
व्होल्ट १८७ वर उतरतात, दिवे आजारी पिवळे.
मेंढवाड्यात एक सोललेली वायर
ओल्या भिंतीला टेकून
रात्रंदिवस दोनशे वॅट तिला पाजत होती.
चोर सापडला.

आणि रोज रात्री तीन दहाला, चार मिनिटं,
२१९ व्होल्ट, १८३८ वॅट,
सपाट रेषेत ताठ उभा एक खांब :
किटली.

तुम्हाला झोप येत नाही, आपा?

ती बाहीवरचा नसलेला धागा उचलते.
मुलांना फोनवर सांगशील?
नाही.
मग खोड.

एर्मेक जुन्या ओळी काढतो. नवी अट घालतो :
तीन दहा ते तीन चौदा
काहीही घडलं तरी लिहू नकोस.

पण भिंतीवरच्या मीटरला पायथॉन येत नाही.
महिन्याभरात त्याची बेरीज
एर्मेकच्या बेरजेहून साडेतीन युनिटं जास्त भरते.

वहीत दोन्ही आकडे शेजारी मांडून
मास्तर बराच वेळ पेन चावतो,
मग फरकासमोर
सुवाच्य अक्षरात लिहितो :
उपकरणाची चूक.