एक बोट गाळ

बाबालाल नदाफ खेळपट्टीत सायकलची किल्ली खुपसतो,
बाहेर काढून तिचा वास घेतो.
"अकरापर्यंत नदीकडनं हालंल.
मग पाटा. चहानंतर तुझं."

मी ऑफस्पिनर. मला चहानंतरचंच ठाऊक:
पॅव्हेलियनची सावली शॉर्ट लेगपर्यंत येते,
भेगा तोंड उघडतात,
हरिपूरकडचा वारा हळद घेऊन येतो.

आधी इथं काथ्याचं मॅटिंग होतं.
माझ्या गुडघ्यावरचा डाग त्याचाच.
दगडी रोलर बैल ओढायचे, आणि याचा बाप
त्यांच्या खुरांना गोणपाट बांधायचा,
पोरीला पैंजण घालावेत तसा.

मग महापूर. नऊ दिवस मैदान कृष्णेचं.
पाणी ओसरलं तेव्हा साइटस्क्रीन बाभळीत अडकलेली
आणि स्कोअरबोर्डावर चिखलाची रेघ,
नेमकी 'गडी बाद'च्या ओळीवर.

आम्ही फावडी घेऊन गेलो गाळ खरवडायला.
अर्धा काढला. मग बाबालालनं हात आडवा केला.
"एक बोट राहू द्या.
कराडपासनं आणलाय तिनं. फुकट."

तेव्हापासून सांगलीत चेंडू जरा जास्तच वळतो.
पाहुणे संघ माझ्या बोटांकडं बघत राहतात.
मी बघू देतो.