चेनेज शून्य ते साडेआठशे

दांडी मीच धरली होती.
साहेब दुर्बिणीतून म्हणायचे, डावीकडे, अजून डावीकडे, थांब.
मी थांबलो तिथं चुन्याची फक्की पडली.

ढोड्याला तेव्हा वळणागणिक नाव होतं.
मसनीचा वाक. जांभूळडोह.
रेल्याची कोपरी, जिथं कुण्या रेल्याचा बैल फसला होता.
नकाशात एकच निळी रेघ, बिननावाची.

नऊ दिवसांत जेसीबीनं ती सरळ केली.
बोर्ड लागला: चेनेज शून्य ते साडेआठशे.
वरच्या अंगाला सात शेततळी,
पाण्याला माती शिवू नये म्हणून
काळं प्लास्टिक नेसवलेली.

पहिल्या साली सगळे खूश. मीही.
बांधीत पाणी तुंबलं नाही, धान लोळला नाही,
पूर दुपारी आला, दिवेलागणीला गेला.
गेला तो गेलाच.
कार्तिकात ढोड्यात पाय घातला
तर तळव्याला मुरूम टोचला.

भागरता नान्हे कोरडं जाळं खांद्यावर टाकून आली.
शिवी दिली नाही. म्हणाली,
"शिंगूर अंडी घालाले वर चढे,
जांभूळडोहात दम घे, मंग पुढं जाय.
आता कोठी दम घेल रे?"
दांडीवर सेंटीमीटर असतात फक्त.

तसा गावतलावही माणसानंच बांधलेला.
कुण्या कोहळ्यानं याच ढोड्याची फांदी अडवली,
तेव्हाही कुणाची मासोळी अडली असेल,
कुणी बाई असंच विचारून गेली असेल.
पण त्यानं सांडव्याला वाट ठेवली,
आणि मग गाळ, कमळं, देवधान,
हिवाळ्यातली बदकं,
किती पिढ्या लागल्या कुणास ठाऊक,
तलाव हळूहळू रानाचा झाला.
आता तोच तलाव रात्री
आमच्या खोल चरीत पाझरतो.
पाळीवर कान दिला तर ऐकू येतं.

परवा त्याच पाळीवर उभा होतो.
खाली कापलेल्या धानात लाखोरी उगवलेली,
सगळी पोपटी, फक्त एक वाकडा पट्टा गर्द.
जांभूळडोहाची गोलाई लांबूनच ओळखू आली.
सवयीनं उतरलो, पावलांनी मोजला:
तेराशे, थोडं इकडंतिकडं.
चरीचे साडेआठशे वजा केले.
उरलेल्या साडेचारशे मीटरला
मोजमाप वहीत रकाना नाही.

समोर भागरता भाजी खुडत होती,
ओटी धरून, त्या गर्द पट्ट्यातूनच.
मसनीच्या वाकाशी आली
आणि वळली.