कानशिलावरचा पांढरा

कुतैसीत, नदीवरच्या पुलाखाली माझं दुकान:
काळ्या ग्रॅनाइटवर चेहरे उतरवून मिळतील.
यंत्र ठिपके मारतं. त्याआधीचं सगळं माझं,
लग्नाच्या फोटोतून मयताला अलगद सोडवणं,
हातातला वाइनचा पेला पुसणं,
खांद्यावर राहिलेली परकी बोटं
कोटाच्याच कापडाने बुजवणं.

सगळे म्हणतात, सुरकुत्या कमी करा.
त्सियाला म्हणाली, घाला.
गोचा एकोणिसाव्या वर्षी गेला. आज सत्तेचाळीस असता.
"मी त्याच्याशेजारी निजायला जाईन
तेव्हा दगडावर नातू नको दिसायला."

सुरकुत्या आणायच्या कुठून?
बापाचे फोटो तिने केव्हाच चुलीत घातलेले.
मग तिलाच खिडकीपाशी बसवून एक टिपला
आणि तिच्या डोळ्यांच्या कडेच्या रेघा
माउसने एकेक उचलून
त्याच्या कोवळ्या गालांवर ठेवत गेलो.
रात्रीचे दोन. चहा गार.
हनुवटी जरा सैल केली, केस मागे सारले,
कानशिलावर चिमूटभर पांढरा.

सकाळी ती चष्मा पुसून पुसून बघत राहिली.
"हा माझा भाऊ झाला," म्हणाली.
"भाऊ जिवंत आहे. बातूमीत असतो.
बोलत नाही आम्ही."

लेयर एकेक बंद करत गेलो.
हनुवटी गेली, रेघा गेल्या,
गोचा परत आला, दाढी न फुटलेला.
शेवटच्या लेयरला तिने माझं मनगट धरलं.
"तेवढा पांढरा राहू दे."

आता दफनभूमीत येणारे-जाणारे
दगडावर थुंकी लावून तिथे बोट घासतात.
यंत्र चुकलं, असं मला येऊन सांगतात.
मी मान डोलावतो.