नववा माणूस

उभादांड्याला, रुझार डिसोजाच्या पडवीत
मी बँड ठरवायला बसलो होतो.
पुढ्यात कोकमाचं सरबत,
खिळ्याला टॉवेलात गुंडाळलेला सॅक्सोफोन
झोळीत घातलेल्या हातासारखा.

पतसंस्थेत बावीस वर्षं कर्जाचे कागद तपासलेला माणूस मी,
दर विचारला तो माणशी.
"सात आसत, नऊ आसत, बारा आसत," रुझार म्हणाला,
"बारा घेतलास तर ट्रॉम्बोन गोव्यातसून येतलो,
तेचा पेट्रोल वेगळा."

नऊवर आलो.
मोचेमाडच्या चढणीचं टेम्पोभाडं अर्धं अर्धं.
जेवणात मासे हवेतच, नाहीतर क्लॅरनेटवाला रुसतो.
दहानंतर वाजवायचं तर पोलिसांशी तुम्ही बोला.
इसार पाच हजार. पावती वहीच्या पानावर,
वर बारीक क्रूस, खाली वळणदार सही,
आणि मधे, मी हट्टाने लिहून घेतलेलं:
एकूण माणसे नऊ.

प्रणालीचं रिसेप्शन शिरोड्याच्या हॉलमध्ये.
जावयाकडची माणसं कुडाळहून दोन बसनी आली,
आईस्क्रीम वितळायच्या आत स्टेजवर रांग लागली,
आणि मी, मुलीचा बाप,
कोपऱ्यात उभा राहून बँड मोजला.
नऊ. लाल कोट, झालरी,
उन्हाने गुलाबी पडलेले खांदे.

तरी काहीतरी जुळेना.
सगळ्यांचे गाल केंडमाशासारखे फुगत होते, बसत होते.
डावीकडून तिसरा, म्हातारा,
ट्रंपेट ओठांना लावून उभा,
गाल तसेच. खोल. दोन वाट्या पालथ्या.

दुसरं गाणं बघितलं. तिसऱ्याला खात्री झाली.
हा माणूस वाजवत नव्हता.
मनात लगेच वजाबाकी: अठराशे.

मधल्या सुट्टीत रुझार पाण्याच्या पिंपाशी
ट्रंपेटमधली थुंकी झटकत होता.
"तो म्हातारा फुंकत नाही."
"नाय," तो म्हणाला. "बस्त्यावमाम.
फुडले चार दात गेले तेचे. दाताबिगर ट्रंपेट वाजणा नाय."
"मग नऊ माणसांचे पैसे कसे?"
त्याने रुमालाने ओठ पुसले, सावकाश.
"तोंडाकडे कित्याक बघतास? बुटाकडे बघा.
आमी सगळे थयच बघतो."

बघितलं.
पांढरा कॅनव्हासचा बूट, खडू घासून पांढरा केलेला,
करंगळीपाशी उसवलेला, मासेमारीच्या दोऱ्याने शिवलेला.
वर. खाली. वर.
आठ जणांचे डोळे तिरके, त्याच्यावर.
ढोलवाला पोरगा, एकोणीस वर्षांचा, पळायला बघायचा,
बूट त्याला मागे ओढून आणायचा.

मग प्रणालीने चिठ्ठी पाठवलेलं गाणं, संथ.
जावई बुजलेला, शालूवर पाय देतोय.
बूट वर उचलला गेला आणि
वरच राहिला,
एवढासा,
जावयाचा पाय सुटेपर्यंत.
हॉलमधल्या चारशे माणसांतलं कुणाला कळलं नाही
आपण कशासाठी थांबलो होतो.
बायकोचा चमचा तोंडाशी तसाच.
माझी मावशी, गुडघे गेलेली,
खुर्चीखाली तिची चप्पल हलत होती.

साडेअकराला टेम्पोपाशी पैसे दिले.
रुझारने बोटाला थुंकी लावून मोजले,
मान वर केली. "नवांचे?"
"पावतीत काय लिहिलंय?" मी म्हणालो,
जरा चिडूनच, का ते माहीत नाही.

बस्त्यावमाम फळीवर बसलेला,
मांडीवर ट्रंपेट, बूट काढून पाय चोळत.
अंगठ्याचं हाड बाहेर आलेलं, सुंगटासारखं वाकडं.
दुखतं का, विचारलं.
तो हसला. आत काळोख, चार दातांएवढा.
"फास्टाक नाय. फास्टात पाय आपोआप जाता.
सावकाश गाण्याक दुखता.
थयसर थांबाचा लागता."