लॅम्प टेस्ट

चौथ्यांदा सांगतोय, खैरनार, हँडब्रेक खाली आहे.
पूर्ण खाली. प्रमिलानंही दाबून बघितला.
तरी लाल वर्तुळातलं ते उद्गारचिन्ह
बसलंय, निघालेला पाहुणा
उंबऱ्यातून परत येऊन टेकतो तसं.

दोन हजार एकची झेन.
जेलरोडहून बिटकोपर्यंत गुमान,
आणि चौकात उजवीकडे वळलो रे वळलो की
लागलाच.
सरळ झालो की विझायचा.
महिनाभर असं. मग सरळ रस्त्यावरही.
मग विझेचना.

द्वारकेला एका वायरमननं खिडकीतूनच डोकावून सांगितलं,
काका, बल्ब काढून टाकतो, शंभर द्या.
शेजारचे पाटोळे म्हणाले, काळी चिकटपट्टी लावा,
माझ्या इंडिकाला आठ वर्षं आहे.
(पाटोळे इंडिका भाजीबाजाराच्या पुढे नेत नाहीत.)

मी तसा दिव्यांतलाच माणूस.
एकलहऱ्याला कंट्रोल रूममध्ये एकतीस वर्षं,
समोर भिंतभर चौकटी, प्रत्येक चौकटीत एक तक्रार.
बेअरिंग तापलं. पातळी उतरली. दाब चढला.
घंटा झाली की आधी बटण दाबायचं, मंजूर.
घंटा गप्प. दिवा नुसता जळत राहतो.
'कळलं' म्हणणारं बटण आहे हे,
'केलं' म्हणणारं नाही,
असं नव्या पोरांना शिकवायचो
आणि रात्रपाळीत तीन वाजता स्वतः विसरायचो.

एका पंपाची चौकट दीड वर्ष जळत होती.
खोटी आहे, सगळ्यांना ठाऊक.
एका पहाटे खरी झाली.
तेव्हाही तेवढीच लाल.
बनसोडे अजून पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो,
मे महिन्यातही.

म्हणून चिकटपट्टी नको म्हटलं.

सिडकोत, पवननगरमागच्या गाळ्यात,
खैरनारनं बॉनेट उघडलं, टॉर्च दातांत धरला.
ब्रेक ऑइल खालच्या रेघेच्याही खाली.
भरलं. विझला.
मी पाकीट काढलं तर म्हणाला,
थांबा साहेब. हे तेल कुणी पीत नसतं.
गेलं कुठं?

मागचं डावं चाक. ड्रम निघता निघेना,
निघाला तेव्हा आतून ओला,
लायनर तेलानं माखलेले,
सिलिंडरच्या रबराला नखाएवढी चीर.
तर वळणावर डबीतलं उरलंसुरलं तेल कलंडायचं
आणि दिवा खरं बोलायचा,
आणि आपण त्याचा बल्ब उपटायला निघालो होतो,
शंभर रुपयांत.

हवा काढायला प्रमिला पेडलवर बसली.
चाकाखालून खैरनार ओरडे, दाबा. धरा. धरा. सोडा.
एकोणचाळीस वर्षांच्या संसारात
माझ्या एवढ्या आज्ञा तिनं पाळलेल्या नाहीत.

आठ दिवस बरे गेले.
नवव्या दिवशी, घरासमोर, गाडी उभी असताना,
लागला.

डबी काठोकाठ.
खैरनारनं झाकणावरची वायर उपसली, विझला.
जोडली, लागला.
मग झाकणच काढलं आणि आतला तरंगता बोंडला
चिमटीत धरून उन्हात बघितला.
तेवीस वर्षं तेलात राहून तेल प्यायलेला.
तरंगणं हे एकच काम होतं बिचाऱ्याला,
आणि तो भरल्या डबीत बुडून
वर ओरडत होता, कमी आहे, कमी आहे.

पीत नाही ना कुणी, मी म्हणालो.
खैरनार हसला नाही. हात पुसत म्हणाला,
पहिल्यांदा खरं होतं म्हणून
दुसऱ्यांदा उघडून बघितलं.
नाहीतर मीही वायर तोडलीच असती.

भद्रकालीतून जुन्या गाडीचं झाकण आणलं त्यानं,
दीडशेत. बोंडला हलका, पिवळट.

आता किल्ली फिरवली की
सगळे दिवे एकदम लागतात,
एक एक करून जातात,
लाल शेवटी, हँडब्रेक सोडल्यावर.
पाळी सुरू होताना आम्ही हेच करायचो,
भिंतभर दिवे पेटवून, मेलेला कुठला ते शोधायचो.

विझला की, प्रमिला म्हणते. निघा आता,
दवाखान्यात नंबर जाईल.
मी हँडब्रेक पुन्हा ओढतो,
किल्ली बंद, किल्ली चालू.
थांब गं,
लागतोय ना ते बघू दे.