लॉजिस्टचा गठ्ठा

कोपरखैरणे, सेक्टर सहा. गाळा दहा बाय आठचा.
आत मी, कटर मशीन, आणि भिंतीला टेकून
रेडियमचे रोल: लाल, पिवळा, रुग्णवाहिकेचा निळा.
इथं दर दोन इमारतींमागे एक दवाखाना उघडतो
आणि दर दवाखान्यामागे मला एक पाटी मिळते.

तीस वर्षांत एवढं कळलं,
डॉक्टर कशाचाही असो, शेपूट तेच.
कार्डिओ, न्यूरो, नेफ्रो, पुढे काहीही येऊ दे,
मागे लॉजिस्ट.
म्हणून पितृपक्षात, कुणी उद्घाटन करत नाही तेव्हा,
मी नुसते लॉजिस्ट कापून ठेवतो.
गठ्ठा बांधून, माळ्यावर.

हर्षाली तेव्हा लॅबचा कोर्स करत होती.
गठ्ठ्यावर फडकं मारताना म्हणाली,
"बाबा, हे ग्रीक आहे."
असेल. मला सगळं इंग्रजीच दिसतं.
"लॉगोस. म्हणजे शब्द. बोलणं."
म्हणजे हे सगळे नुसते बोलणारे?
"हां. हृदयाविषयी बोलणारा. मूत्रपिंडाविषयी बोलणारा."
पंधराशे रुपये फी कशाची
ते मला त्या दिवशी कळलं.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात.
शब्दाचं विचारू नये असं कुणी म्हटलेलं नाही.
मग चिमट्याने इंग्रजी ओचं पोट काढता काढता
मी एकेक विचारत गेलो.
डेंटल?
"लॅटिन. डेन्स म्हणजे दात."
मग आपला दंत?
"चुलत भाऊ. फार लांब गेलेले."
आमच्यातही आहेत तसे.
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटनंतर
लग्नपत्रिकेपुरते उरलेले.

ऑर्थोपेडिकला ती थांबली.
"ऑर्थो म्हणजे सरळ. आणि पेडिक म्हणजे,
पाय नाही हं बाबा, मूल."
सरळ मूल.
मी मशीन बंद केलं.
अनंता, माझा धाकटा, पोलिओनंतर भिंत धरून चालायचा.
आई त्याला कडेवर घेऊन एसटीने
ठाण्याच्या सिव्हिलला न्यायची, ज्या पाटीखाली बसायची
त्या पाटीत तो आधीच बसलेला होता.
तिला वाचता येत नव्हतं.
बाण तेवढा कळायचा.

गेल्या महिन्यात हर्षालीचा पहिला पगार झाला, नेरूळच्या लॅबमध्ये.
बँकेचा मेसेज माझ्यापुढे धरून म्हणाली,
"सॅलरी. यात मीठ आहे. साल, लॅटिन."
पुढे रोमन शिपायांचं काहीतरी सांगत होती,
ती गोष्ट पक्की नाही म्हणे.
मी ऐकत नव्हतो.
मी खाडीवर पोचलो होतो.
आजा लाकडी दांड्याने मीठ ओढतोय,
टाचांच्या भेगांत पांढरं भरलेलं,
संध्याकाळी मजुरी, वर टोपलीभर मीठ.
आगर. म्हणून आम्ही आगरी.
दाखल्यांवर हा शब्द शंभरदा लिहिला असेल,
फोडून एकदाही पाहिला नाही.

म्हटलं, त्यांच्या पगारात असेल, आपल्या तर नावात मीठ आहे.
"माहितीय. म्हणून तर आधी तुम्हाला दाखवलं."
आणि पगार? तो तरी आपला?
"पोर्तुगीजांकडून आला.
त्याच्याही तळाशी लॅटिनच. शांत करणं."
कुणाला? घेणेकऱ्यांना, दुसरं कुणाला.
दोघं हसलो. तिने गाळ्याचं थकलेलं भाडं भरलं.

रात्री शटर ओढताना एनएमएमटीची बस वळते,
तिच्या दिव्यांत फरशीवरचे कपटे पेटतात.
ओची पोटं, अनुस्वार,
तज्ज्ञमधला दरवेळी फाटणारा ज.
रेडियमच्या पोटात काय आहे
ते तिला विचारायचं राहिलंच.
उद्या विचारेन.
झाडूही उद्याच मारेन.